आरंभ कोठून करावा?

व्हिडिओ गेम हा विषय या मासिकाच्या पानांस शोभतो कीं नाहीं, अशी शंका ज्यांना अद्याप येत असेल त्यांच्याशीं वाद घालण्याचा आज आमचा विचार नाहीं. कादंबरी नवी असतां तिच्याविषयींहि हीच शंका घेतली गेली होती, आणि नाटकाविषयीं तर ती पुष्कळ वर्षें टिकली. सुशिक्षित घरांतील मुलें-मुली हे खेळ खेळतात, त्यांचे आईबाप खेळतात, आणि आमच्यासारखे पन्नाशी उलटलेले अध्यापकहि, विद्यार्थ्यांची नजर चुकवून, खेळतात. तेव्हां त्यांविषयीं जें बोलावयाचें तें थोडा विचार करून बोलावें हें बरें. आज घ्यावयाचा प्रश्न दिसावयास लहान आहे. एखादी मालिका तीस-चाळीस वर्षें चालली आहे, तींत वीस-पंचवीस कृति आहेत. नवख्यानें आरंभ कोणत्या कृतीपासून करावा?

या प्रश्नाला हल्लीं तीन ठराविक उत्तरें मिळतात. एक पक्ष म्हणतो, कथेंतील काळ पाहावा. जी घटना सर्वांत आधीं घडली ती ज्या खेळांत असेल तो प्रथम घ्यावा. दुसरा म्हणतो, सर्वांत नवा तोच सर्वांत सुधारलेला. त्यापासून आरंभ करावा आणि जुन्यांच्या वाटेस जाऊंच नये. तिसरा म्हणतो, कोठूनहि करा, सारखेंच. यांपैकीं तिसरें हें उत्तर नसून उत्तर देण्याचा कंटाळा आहे, म्हणून त्याच्यावर आम्ही शाई खर्च करीत नाहीं. पहिल्या दोघांशीं मात्र आमचें भांडण आहे. आमचें म्हणणें असें कीं, मालिका ज्या क्रमानें निर्माण झाली त्याच क्रमानें ती पाहावी. कारण अशी मालिका ही एक लांबलेली गोष्ट नव्हे, ती एक परंपरा आहे.

मोघम बोलण्यापेक्षां एक उदाहरण धरून चालणें सोईचें. निन्टेंडो ही क्योतो येथील कंपनी १८८९ सालीं हनाफुदा नांवाचे जपानी पत्ते तयार करण्यासाठीं निघाली. पुढें व्हिडिओ गेममध्यें तिनें जगभर नांव काढलें. २१ फेब्रुवारी १९८६ रोजीं तिनें जपानांत ‘द लीजंड ऑफ झेल्डा’ हा खेळ प्रसिद्ध केला. शिगेरू मियामोतो आणि ताकाशी तेझुका हे त्याचे प्रमुख कर्ते. हायरूल नांवाचें राज्य, तेथील राजकन्या झेल्डा, तिला पळविणारा गॅनन आणि हिरवा अंगरखा घातलेला लिंक नांवाचा एक अबोल मुलगा, एवढेंच काय तें भांडवल. त्यावर ही पेढी आज चाळीस वर्षें चालली आहे आणि मुख्य कृतींची संख्या वीसच्या आसपास गेली आहे. बहुतेक कृतींत लिंक हा निराळ्या पिढींतला निराळा मुलगा असतो, नांव तेवढें तेंच. आणि २०२४ च्या ‘एकोज ऑफ विज्डम’मध्यें तर राजकन्येनेंच हातीं काठी घेऊन त्याला सोडविण्याचें काम पत्करलें आहे.

आतां कालक्रमवाद्यांकडे वळूं. २०११ च्या नोव्हेंबरांत ‘स्कायवर्ड सोर्ड’ ही कृति आली. लिंकची ती प्रसिद्ध तरवार कशी घडली आणि हायरूलवरील पिढ्यान्‌पिढ्यांच्या वैराचें मूळ कोठें आहे, हें तींत सांगितलें आहे. पुढच्याच महिन्यांत, मालिकेला पंचवीस वर्षें झाल्याच्या निमित्तानें, ‘हायरूल हिस्टोरिया’ नांवाचा अधिकृत ग्रंथ जपानांत निघाला आणि त्यांत सर्व कृतींची वंशावळ छापली गेली. तींत ‘स्कायवर्ड सोर्ड’ आरंभीं आहे, १९९८ च्या ‘ऑकरिना ऑफ टाइम’पाशीं काळाला तीन फांद्या फुटतात, आणि त्यांपैकीं, नायकाचा पराभव झाला असें गृहीत धरून काढलेल्या एका फांदीच्या टोंकाजवळ, १९८६ ची मूळ कृति लोंबत आहे. म्हणजे ज्या खेळानें ही सारी सृष्टि निर्माण केली तो या वाटेनें जाणाऱ्या नवख्याला प्रवासाच्या शेवटीं, पाय थकल्यावर, भेटावयाचा! बरें, ही वंशावळ तरी स्थिर आहे काय? कांहीं वर्षांनीं निघालेल्या दुसऱ्या अधिकृत ग्रंथांत दोन-तीन कृतींच्या जागा इकडच्या तिकडे झाल्या. आणि २०१७ व २०२३ सालच्या दोन अवाढव्य कृति तर कोणत्याच फांदीवर न बसवितां बाजूला ठेवल्या आहेत. कर्त्यांनीं पाव शतकानंतर जो क्रम जुळविला आणि मग पुन्हां फिरविला, तो त्यांचा फावल्या वेळचा विनोद समजावा. नवख्याला त्याच्या बळावर मार्गाला लावणें म्हणजे भाटांच्या वंशावळींवरून इतिहास शिकविणें होय.

आमच्या वाचकांना हा प्रकार परका वाटूं नये. रामायणाचें बालकांड मागाहून जोडलेलें आहे असें पुष्कळ संशोधक मानतात. रामजन्म त्यांत आहे म्हणून कथेंत तें प्रथम येतें. रचनेंत तें प्रथम असेलच असें नाहीं. ‘स्कायवर्ड सोर्ड’ हें या मालिकेचें बालकांड आहे. महाभारत तर याहून बोलकें आहे. तें शंतनूच्या विवाहापासून सुरू होत नाहीं. नैमिषारण्यांत शौनकाच्या सत्रास जमलेल्या ऋषींकडे सौति येतो आणि जनमेजयाच्या सर्पसत्रांत ऐकलेली कथा सांगूं लागतो. तेव्हां कौरव-पांडव केव्हांच होऊन गेलेले असून सर्पसत्र करणारा राजा हा अर्जुनाचा पणतू असतो. कथेचें दार कथेंतील पहिल्या घटनेपाशींच असावें लागतें, हा हट्ट आपल्या पूर्वजांनीं कधीं धरला नाहीं. तो हट्ट जंत्री करणाराचा आहे.

कालक्रमवाद्यांचा दोष केवळ पांडित्याचा असता तर आम्ही तो हंसून सोडून दिला असता. परंतु त्यानें आस्वादाची प्रत्यक्ष हानि होते. एखाद्या वस्तूच्या उत्पत्तीची कथा त्या वस्तूशीं आधीं ओळख असेल तरच गोड लागते. १९९१ च्या ‘अ लिंक टु द पास्ट’मध्यें, अरण्यांतील धुक्यांत, चौथऱ्यांत रुतलेली ती तरवार ज्यानें स्वतः उपसली आहे त्याला ती कशी घडली हें ऐकतांना रोमांच येतील. ज्यानें ती पाहिलीच नाहीं त्याला तें एका लोखंडाच्या तुकड्याचें चरित्र वाटेल.

याहून चांगला दाखला २००० सालच्या ‘मेजोराज मास्क’चा आहे. ‘ऑकरिना’नंतर सुमारें दीड वर्षांत ही कृति बाहेर आली. इतक्या थोड्या वेळांत सगळेंच नवें घडविणें शक्य नव्हतें, म्हणून कर्त्यांनीं आधींच्या खेळांतील पुष्कळ माणसें, त्याच चेहऱ्यांनीं आणि त्याच बांध्यांनीं, उचलून टर्मिना नांवाच्या एका परक्या मुलखांत नेऊन बसविलीं. तेथें तीन दिवसांत चंद्र कोसळावयाचा आहे, आणि खेळणारास तेच तीन दिवस पुनःपुन्हां जगावे लागतात. ‘ऑकरिना’ खेळून आलेला मनुष्य रस्त्यानें चालूं लागतो. समोरून ओळखीचा चेहरा येतो आणि ओळख न देतां निघून जातो. त्याचें नांव निराळें आहे, धंदा निराळा आहे, आणि डोक्यावर चंद्र दिवसेंदिवस मोठा होत आहे. घाईंतून निघालेली तोड अशी कलेची शक्ति होऊन बसली. परंतु ज्यानें ‘ऑकरिना’ पाहिला नाहीं त्याच्यापुढून जातात तीं फक्त कांहीं अनोळखी माणसें. भीति, जी या कृतीचा प्राण आहे, ती त्याला वाटावयाचीच नाहीं; फार तर घड्याळाची घाई वाटेल.

तीच गोष्ट २००२ च्या ‘विंड वेकर’ची. तींत जिकडे तिकडे समुद्र आहे आणि लहान लहान बेटें आहेत. व्यंगचित्रासारखीं तिचीं पात्रें पाहून त्या वेळीं पुष्कळ जुने खेळाडू रुसले होते. पुढें एकदां नायक समुद्राच्या तळाशीं उतरतो आणि तेथें जुनें हायरूल, त्याचा राजवाडा, रंग उडालेला, काळ थिजलेला, जशाचा तसा उभा असतो. हा प्रसंग आम्हांस या सगळ्या मालिकेंत सर्वांत करुण वाटतो. पण ज्या गांवांत आपण कधीं राहिलोंच नाहीं तें धरणांत गेलें तर आपणांस काय वाटावयाचें? वर्तमानपत्रांतील बातमी वाचल्यासारखें, एवढेंच.

दुसरा पक्ष पहिल्याहून बलिष्ठ आहे, कारण दुकानदार त्याच्या बाजूस आहे. नवी वस्तु विकावयाची असते. जुनी विकून झालेली असते. तेव्हां ‘नव्यापासून आरंभ करा’ हा निःस्वार्थी मित्राचा सल्ला आणि जाहिरातीचा मजकूर हे दोन्ही शब्दशः एकच होऊन बसले आहेत. एवढ्यावरून तो सल्ला खोटा ठरत नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु तो देणारानें आपण कोणाच्या पंक्तीस बसलों आहों हें एकदां पाहून घ्यावें.

या पक्षाचें दैवत म्हणजे २०१७ ची ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’. ही थोर कृति आहे, हें आम्हीहि म्हणतों. नायक एका गुहेंत जागा होतो, धांवत बाहेर येतो आणि समोर सबंध देश पसरलेला दिसतो. आरंभींच्या पठारावरील थोडें काम उरकलें कीं कोणत्याहि दिशेनें जावें, कोणत्याहि डोंगरावर चढावें. मनांत आलें तर थेट शेवटच्या शत्रूवर चालून जावें. हें स्वातंत्र्य मोहक आहे. परंतु तें कोणाच्या कैदेंतून सुटल्याचें स्वातंत्र्य आहे? १९९१ च्या कृतीनें या मालिकेला एक शिस्त घालून दिली होती. एका भुयारांत जावें, तेथें एक हत्यार मिळवावें, त्या हत्यारानें पुढची वाट मोकळी करावी, मग दुसरें भुयार. १९९८ च्या ‘ऑकरिना’नें ती शिस्त त्रिमितींत आणली आणि शत्रूवर नजर बांधून त्याच्याभोंवतीं फिरत लढण्याची जी रीत काढली, ती पुढें इतर अनेक खेळांनीं उचलली. पंचवीस वर्षें खेळणारांच्या हाडीं ही शिस्त मुरली. २०१७ च्या कृतीनें ती मोडली, यांतच तिचें तेज आहे. केशवसुतांचें बंड ज्या कवितेविरुद्ध होतें ती जुनी कविता ज्यानें वाचली नाहीं त्याला केशवसुत चांगले कवि वाटतील. बंडखोर कांहीं वाटणार नाहींत. ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’पासून आरंभ करणाराची नेमकी हीच स्थिति होते. त्याला एक मोठें, सुंदर रान मिळतें. कोणतें कुंपण तोडून तें मोकळें झालें हें त्याला कळत नाहीं.

आणि हें रान कर्त्यांनीं शोधून कोठें काढलें? २०१७ सालींच अमेरिकेंत भरलेल्या खेळकर्त्यांच्या परिषदेंत त्यांनीं स्वतः दाखविलें कीं, या कृतीच्या कल्पना तपासून पाहण्यासाठीं त्यांनीं प्रथम एक द्विमिती नमुना तयार केला होता, आणि तो हुबेहूब १९८६ च्या खेळाच्या वळणाचा होता. सर्वांत नवी कृति घडविणारे कारागीर सर्वांत जुन्या कृतीच्या पायाशीं जाऊन बसतात, आणि आमचे सल्लागार नवख्याला मात्र सांगतात, ‘तिकडे फिरकूं नकोस, तुला कंटाळा येईल!’

उलट क्रमानें जाणाराचें दुसरेंहि एक नुकसान होतें, आणि तें आम्हीं आमच्या ओळखींतील कित्येक तरुणांत पाहिलें आहे. २०१७ च्या रानांत शंभर-दोनशें तास हिंडलेला मनुष्य ‘ऑकरिना’कडे वळला कीं त्याला प्रत्येक भिंत टोंचूं लागते. येथें चढतां कां येत नाहीं, हें दार आधीं कां उघडत नाहीं, असा त्याचा पाढा सुरू होतो, आणि दोन दिवसांनीं तो यंत्र बंद करतो. जो क्रमानें आला त्याला प्रत्येक नवी कृति कांहींतरी देते. जो उलटा आला त्याच्यापासून प्रत्येक जुनी कृति कांहींतरी काढून घेते. ज्याला एकच खेळ खेळावयाचा आहे त्यानें खुशाल २०१७ चा घ्यावा. त्याच्यापुढें मालिकेचा प्रश्नच नाहीं. आम्ही बोलत आहों तें मालिकेंत शिरूं इच्छिणाराविषयीं.

जुन्या खेळांत त्रास आहे, हें खरें. १९८६ च्या कृतींत कोठें जावें हें कोणी सांगत नाहीं. कोणतें झुडूप जाळलें असतां खालीं जिना निघेल, कोणती भिंत सुरुंगानें फुटेल, याची खूण बहुधा नसते. परंतु या त्रासाचा अर्धा भाग आपण स्वतः ओढवून घेतला आहे. तो खेळ पेटींतून एकटा बाहेर येत नसे. अमेरिकेंत १९८७ सालीं तो सोनेरी कार्ट्रिजमधून विकला गेला तेव्हां त्याच्यासोबत एक सचित्र पुस्तिका आणि मुद्दाम अपुरा ठेवलेला नकाशा असे. बाकीचा नकाशा खेळणारानें भरावयाचा. कर्त्यांनीं पुस्तिका, नकाशा, पेन्सिल आणि शेजारचा एखादा मित्र हीं सगळीं धरूनच खेळाची रचना केली होती. हीं चारहि काढून टाकून नुसता पडदा समोर ठेवावयाचा आणि मग खेळ दुर्बोध आहे म्हणावयाचें, हें टीकेवांचून जुना काव्यग्रंथ उघडून कवीला शिव्या देण्यासारखें आहे. आमच्या महाविद्यालयांतील मुलें हें नित्य करतात, म्हणून तें क्षम्य होत नाहीं.

या वादाला आणखी एक बाजू आहे आणि ती केवळ रुचीची नाहीं. व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशन या अमेरिकेंतील संस्थेनें २०२३ सालीं एक पाहणी प्रसिद्ध केली. अमेरिकेंत २०१० पूर्वीं निघालेल्या खेळांपैकीं ८७ टक्के खेळ बाजारांत मिळेनासे झाले आहेत, असें तींत आढळलें. त्याच वर्षीं २७ मार्च रोजीं निन्टेंडोच्या वी यू आणि थ्रीडीएस या दोन यंत्रांचीं इंटरनेटवरील दुकानें नव्या खरेदीस बंद झालीं, आणि तेथेंच मिळणारे कित्येक खेळ सामान्य ग्राहकाच्या हातांबाहेर गेले. झेल्डाचें दैव त्या मानानें बरें. १९८६, १९९१ आणि १९९८ या तिन्ही कृति कंपनीच्या स्विच यंत्रावर वर्गणी भरणारास खेळावयास मिळतात. पण वर्गणी आहे तोंवरच. पुस्तकाची छापील प्रत फडताळांत पडून राहते आणि पन्नास वर्षांनीं नातवाच्या हातीं लागते. या खेळांना तो आधार नाहीं. ज्या कृतीपासून कोणी आरंभ करीत नाहीं तिची मागणी संपते, मागणी संपली कीं ती यादींतून गळते. म्हणून जुन्यांकडे जाऊं नका असें सहज सांगणारे आमचे मित्र आपण किती मोठें काम करीत आहों याचा विचार करतील तर बरें.

आमचा नियम सर्व मालिकांना सारखाच लागतो असें नाहीं. ‘फायनल फँटसी’चे १९८७ पासून २०२३ पर्यंत सोळा क्रमांक झाले, परंतु बहुतेक प्रत्येक क्रमांकाचें जग स्वतंत्र आहे, तेथें नवखा उगाच आंकड्यास भितो. ‘मेटल गिअर’मध्यें गोष्ट खरोखर सलग आहे, आणि तेथें तर निर्मितीचा क्रम सोडणें म्हणजे स्वतःच्या हातानें रहस्य फोडणें. २००४ ची कृति १९६४ सालची कथा सांगते, म्हणून तीच आधीं घ्या असें सांगणारे भेटतात. पण तींतील सेनानी पुढें कोण होतो हें ठाऊक असणाऱ्यांसाठींच ती लिहिलेली आहे.

कालक्रमवाद्यांचें सर्वांत बळकट ठाणें म्हणजे ‘याकुझा’. ती मालिका २००५ सालीं सुरू झाली, आणि २०१५ सालीं आलेला ‘याकुझा झीरो’ १९८८ सालांत घडतो. तो पूर्वपरिचयावांचून समजतो, सुंदर आहे, आणि त्यापासून आरंभ करणाराचें फारसें बिघडत नाहीं, हें आम्ही मोकळेपणानें मान्य करतों. तरीहि २००५ च्या कृतींत माजिमा हा एकाक्ष, खदाखदा हंसणारा माथेफिरू म्हणून प्रथम ज्याला भेटला, त्यालाच ओसाकांतील रात्रींच्या बैठकीच्या जागेचा तो संयमी, अदबशीर व्यवस्थापक पाहून चटका बसतो.

झेल्डाच्या मालिकेंत शिरूं इच्छिणारास आमचें सांगणें थोडक्यांत असें. १९८६ ची कृति प्रथम घ्यावी. ती शेवटास नेलीच पाहिजे असें नाहीं, आठ-दहा दिवस दिले तरी पुरे. १९८७ ची दुसरी कृति वळणानें निराळी आणि विनाकारण क्रूर आहे. ती कोणी गाळली तर आम्ही त्याला दोष देणार नाहीं. १९९१ ची आणि १९९८ ची मात्र अथपासून इतिपर्यंत करावी, आणि लागलीच २००० व २००२ च्या दोन. पुढें ज्याची त्यानें वाट काढावी. २०१७ ची कृति तोंपर्यंत कपाटांत राहिली तर ती कांहीं आंबत नाहीं. घरांत लहान मुलें असतील तर त्यांना शेजारीं बसवावें. पुस्तिका मिळवून आधीं वाचावी, आणि चौकटी आंखलेला एक मोठा कागद जवळ ठेवावा: आडव्या १६ आणि उभ्या ८, मिळून १२८, कारण भुयारें सोडून त्या पहिल्या हायरूलचें क्षेत्रफळ तेवढेंच आहे. आरंभीं नायक मोकळ्या मैदानांत उभा असतो, हातांत शस्त्र नसतें, आणि वरच्या अंगास एक काळें दार दिसतें. प्रथम तेथें शिरावें. आंत एक म्हातारा तरवार घेऊन उभा आहे.